मगावरचें चित्र कां बिघडतें?

देवघरांतल्या डबीचें झांकण नीट न लागल्यामुळें कापराच्या वड्या झिजून गेल्याचा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं आलेला असेल. डबीच्या तळाशीं पाणी सांचलेलें नसतें, राखहि पडलेली नसते. कापूर वितळला नाहीं, जळलाहि नाहीं. तरी तो गेला. घन पदार्थ पातळ न होतां एकदम वायुरूप होतो, ह्या क्रियेस शास्त्रांत संप्लवन म्हणतात. बाजारांत तिला सब्लिमेशन ह्या नांवानें ओळखतात. हल्लीं वाढदिवसाला, सेवानिवृत्तीला किंवा लग्नाच्या आहेरांत फोटो छापलेला जो चिनी मातीचा मग आपल्या हातीं येतो, त्यावरचें चित्र बहुधा ह्याच क्रियेनें उमटलेलें असतें.

हा उद्योग थोड्या भांडवलांत आणि घरच्या एका खोलींत करतां येतो. त्यामुळें लहान गांवांतील तरुण मंडळी आणि गृहिणी त्याकडे वळूं लागल्या आहेत. मी स्वतः नांदेड जिल्ह्यांत कंधार येथें तो करितें. पहिल्या वर्षीं माझ्या हातून पुष्कळ भांडीं बिघडलीं. तीं कां बिघडलीं आणि त्यावर काय उपाय सांपडले, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. एक खुलासा आरंभींच करितें. मराठींत ‘मग’ हा शब्द ‘नंतर’ ह्या अर्थानें आपण क्षणोक्षणीं वापरतों. ह्या भाषणापुरता तो मीं भांड्याला देऊन टाकला आहे.

माझ्या उद्योगाचा तो पहिलाच हिवाळा होता. जानेवारींतल्या एका थंड सकाळीं जवळच्या खेड्यांतील एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांच्या पत्नी दिवाळीनंतर वारल्या होत्या. त्यांचें एकच छायाचित्र घरांत होतें, आणि तेंहि बँकेच्या खात्यासाठीं काढलेलें, पासपोर्टच्या आकाराचें. “ताई, कपावर फोटो काढून देता म्हणं तुम्ही. हिचा तेवढा करून द्या,” इतकेंच ते बोलले. दोन तासांनीं मीं मग त्यांच्या हातीं दिला. चेहरा फिकट उमटला होता, केस काळे न येतां तपकिरी आले होते, आणि हनुवटीखालीं दुसऱ्या हनुवटीची पुसट छाया पडली होती. मला तें स्पष्ट दिसत होतें. त्यांनीं मग बराच वेळ न्याहाळला आणि ते म्हणाले, “राहू द्या ताई. शेवटी शेवटी अशीच झाली होती ती.” पैसे ठेवून ते निघून गेले आणि मीं ते घेतले. त्या दिवशीं वाटलेली लाज हीच ह्या विद्येंतील माझी पहिली गुरु होय.

दोष शोधावयाचा तर आधीं क्रिया समजली पाहिजे. ह्या शाईंतील रंग साध्या शाईंतल्या रंगांहून निराळे असतात. प्रिंटरवर चित्र उलटें करून एका विशिष्ट कागदावर छापतात. तो कागद चित्राची बाजू आंत करून मगाभोवतीं घट्ट गुंडाळतात आणि मग तापणाऱ्या यंत्रांत, म्हणजे मग-प्रेसमध्यें, दाबून ठेवतात. सुमारें १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेला रंग वायुरूप होतो आणि मगावरील लेपांत शिरतो. थंड झाल्यावर तो तेथेंच कोंडला जातो. लेप हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. चिनी मातीच्या कांचेसारख्या चकाकीला हा रंग धरीत नाहीं. तो पॉलिएस्टरच्या जातीच्या पदार्थांत शिरतो. म्हणून अशा मगांवर आधींच एक पारदर्शक लेप दिलेला असतो. ह्या पद्धतीचें श्रेय सामान्यतः नोएल द प्लास ह्या फ्रेंच गृहस्थांस देतात. १९५७ सालीं रूबे येथील कापडगिरणींत काम करीत असतां त्यांस ही गोष्ट आढळली. म्हणजे ही विद्या मूळची कापडाची. भांड्यांवर ती नंतर आली.

एवंच चित्र नीट उमटावयास योग्य शाई, योग्य लेप, पुरेशी उष्णता, पुरेसा वेळ आणि सारखा दाब ह्या पांच गोष्टी लागतात; आणि सहावी म्हणजे कागदाची निश्चलता. नवशिक्याचा जवळजवळ प्रत्येक दोष ह्या सहांपैकीं कोठें तरी सांपडतो.

पहिला अपघात हंसण्यासारखा असला तरी तो सर्वांच्या वांट्याला येतो. चित्र उलटें करावयाचें राहून जातें आणि ‘सप्रेम भेट’ हीं अक्षरें मगावर आरशांत पाहिल्यासारखीं उमटतात. ज्या चित्रांत अक्षरें नाहींत, त्यांत ही चूक लपून राहते; परंतु भांग दुसऱ्या बाजूला गेल्याचें घरची माणसें तत्काळ ओळखतात. छापलेला कागद आरशासमोर धरून वाचावा. सुलटें वाचतां आलें म्हणजे पुढें जावें.

चित्र मुळींच धरलें नाहीं, किंवा बोट फिरवितांच पुसलें गेलें, तर उष्णता वाढवून उपयोग नाहीं. अशा वेळीं शाई तरी साधी असते, मग तरी बिनलेपाचा असतो, किंवा कागद उलट्या बाजूनें छापलेला असतो. भांड्यांच्या दुकानांतला सुंदर पांढरा मग ह्या कामास चालत नाहीं. ज्या प्रिंटरमध्यें पूर्वीं साधी शाई होती त्यांतच ही शाई ओतण्याची काटकसरहि अंगाशीं येते. नळ्यांत राहिलेली जुनी शाई पुष्कळ दिवस त्रास देते.

चित्र सगळीकडे सारखेंच फिकें आलें, तर काढलेला कागद फेकूं नका. तो साक्षीदार आहे. कागदावर थोडा रंग नेहमींच उरतो. परंतु चित्र जवळजवळ तसेंच दिसत असेल, तर रंग वायुरूप होण्यापुरती उष्णता किंवा वेळ मिळाला नाहीं असें समजावें. उलट कागद पिवळा-तपकिरी होऊन करपला असेल, काळा रंग तांबूस झाला असेल आणि बारीक रेघा पसरल्या असतील, तर उष्णता किंवा वेळ अधिक झाला. काळा रंग बिघडण्याची गोष्ट दोन्हीकडे घडते, म्हणून केवळ मगाकडे पाहून निकाल देऊं नये. कागद आणि मग शेजारीं ठेवून पाहावे.

येथें नवशिक्यास फसविणारी एक बारीक गोष्ट आहे. यंत्राच्या पाटीवर १८० हा आंकडा दिसला म्हणजे आपण मग आंत ठेवतों आणि लगेच वेळ मोजावयास लागतों. परंतु थंड मग आंत जातांच तो उष्णता ओढून घेतो आणि आंकडा खालीं येतो. तो पुन्हां मूळ जागीं येईपर्यंतचा वेळ हिशेबांत धरावयाचा नसतो. मे महिन्यांत आमच्याकडे भांडें हातालाच कोमट लागतें, तेव्हां ही चूक झांकली जाते. जानेवारींत ती उघडी पडते. विजेचा दाब कमी असला तरीहि यंत्र सावकाश तापतें. घड्याळ मग ठेवल्यापासून मोजूं नये. आंकडा परत जागेवर आल्यापासून मोजावें. काम चालू असतांना वीज गेली, तर तो मग बाजूला काढावा. वीज आल्यावर उरलेला वेळ देऊन तो सुधारत नाहीं.

चित्राचा मधला भाग उत्तम आणि कडा फिक्या, असें झालें तर दोष दाबाचा असतो. यंत्राची गादी मगाच्या कांठाशीं आणि बुडाशीं सारखी टेकत नाहीं. मग थोडा निमुळता असला तर मुळींच टेकत नाहीं. स्क्रू थोडा आवळून पाहावा. परंतु बळ लावून मग दाबला तर तो फुटतो. कानाजवळ तर गादी पोंचूंच शकत नाहीं, म्हणून कानाच्या दोन्ही बाजूंस बोटभर जागा मोकळी सोडूनच चित्र आंखावें. नेहमींच्या आकाराच्या मगाभोवतीं सुमारें २० सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच एवढी जागा नीट छापली जाते. त्यापेक्षां अधिकाचा लोभ धरला कीं समूह-छायाचित्रांतील टोकाचा मनुष्य धूसर होतो, आणि नेमका तोच मग न्यावयास येतो.

चित्राला जोडछाया पडली, तर कागद हलला असें निश्चित समजावें. ही छाया बहुधा यंत्र उघडल्यावर पडते. मग तापलेला असेपर्यंत रंगाचा वायु निघतच असतो. त्या क्षणीं कागद सरकला कीं दुसरें चित्र उमटलें. म्हणून कागद चोहोंकडून ताणून, उष्णता सोसणाऱ्या टेपनें चिकटवावा. घरांतली साधी टेप वितळून मगालाच बसते. कागद काढतांना हातमोजे घालून, टेप सोडवून, तो एका झटक्यांत मगापासून दूर उचलावा. घसरवीत काढूं नये.

आतां डाग आणि ठिपके. आमच्या कंधारास राष्ट्रकूटकालीन किल्ला आहे आणि जगत्तुंग सागर नांवाचा तलाव आहे. श्रावणांत मीं त्या तलावाचें चित्र मगावर घेतलें, तों निळ्या पाण्यावर ढगांसारखे पांढुरके डाग पडले. फोटोंत ढग नव्हते. कागदानें हवेंतील ओल शोषून घेतली होती. तापतांच तिची वाफ झाली आणि तिनें रंगाला वाट दिली नाहीं. विस्तीर्ण आणि एकरंगी आकाश किंवा पाणी असलें म्हणजे हा दोष ठळक दिसतो. गजबजलेल्या चित्रांत तो लपतो. पावसाळ्यांत कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद ठेवावा, छपाईनंतर शाई पुरती वाळूं द्यावी आणि गुंडाळण्यापूर्वीं कागद क्षणभर उबवून घ्यावा. गर्द निळे किंवा लाल सूक्ष्म ठिपके मात्र ओलीचे नसतात, ते धूळ आणि कापडाच्या तुसांचे असतात. स्वच्छ आणि तूस न सोडणाऱ्या फडक्याला थोडें स्पिरिट लावून मग पुसला कीं ते जातात. त्यानंतर मगाला बोटें लावूं नयेत.

रंगांविषयींची तक्रार सर्वांत अधिक येते. कागदावर छापलेलें चित्र मळकट आणि निस्तेज दिसतें, तें पाहून नवशिका घाबरतो आणि संगणकावर रंग भडक करतो. मगावर ते नको तितके भडक होतात. ही शाई तापल्यानंतरच आपलें खरें रूप दाखविते, म्हणून कागदावरून तिची परीक्षा करूं नये. तरीहि लाल रंग नारिंगी येत असेल किंवा चेहरे हिरवट दिसत असतील, तर प्रथम प्रिंटरची चांचणी-पट्टी काढावी. तिच्यांत एखादी रेघ तुटलेली असेल, तर त्या रंगाचें छिद्र बुजलें आहे. उन्हाळ्यांत यंत्र चार दिवस बंद राहिलें कीं असें होतें, म्हणून काम नसलें तरी एक दिवसाआड लहानसें रंगीत चित्र छापावें. रेघा अखंड असतील, तर शाईच्या कारखानदारानें दिलेली रंगांची फाईल, जिला प्रोफाइल म्हणतात, ती संगणकांत घातली आहे कीं नाहीं तें पाहावें. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना आधींच सांगावी: ह्या विद्येंत पांढरी शाई नाहीं. चित्रांतला पांढरा रंग म्हणजे मगाचाच पांढरेपणा होय. काळ्या मगावर फोटो मागणाऱ्यास नम्रपणें नाहीं म्हणावें.

कांहीं दोष यंत्राजवळ येण्यापूर्वींच झालेले असतात. मोबाइलवरून दहा ठिकाणीं फिरून आलेलें छायाचित्र त्या लहान पडद्यावर सुरेख दिसतें आणि मगावर चौकोनी ठिपक्यांचें होतें. इंचाला ३०० ठिपके धरले, तर मगाला पुरा वेढा घालणाऱ्या चित्राची लांबी सुमारें २४०० ठिपके असावी लागते. मूळ छायाचित्र मागवावें. तें कागदावर असेल तर स्वतः स्कॅन करावें. मराठी मजकुराची आणखी निराळी अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला कीं रफार एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जाते, किंवा सगळाच मजकूर निरर्थक होतो. तो चित्राच्या रूपांत मागवून घ्यावा आणि छापण्यापूर्वीं गिऱ्हाइकाकडून नांवें वाचवून घ्यावीं. मगावर चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ खोडतां येत नाहीं.

शेवटची गोष्ट तड्याची. तापलेला मग थंड पाण्यांत बुडविला किंवा गार कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला, तर तो चरकतो. लाकडी फळीवर किंवा जाळीवर तो आपोआप निवूं द्यावा. काम करतांना खिडकी उघडी असावी आणि लहान मुलें त्या खोलींत नसावींत.

इतके दोष ऐकून आपणांस वाटेल कीं ही विद्या फार अवघड आहे. खरें पाहतां ती अवघड नाहीं. अवघड असतो तो नवशिक्याचा उतावळेपणा. चित्र फिकें आलें कीं तो उष्णता वाढवितो, वेळहि वाढवितो, स्क्रू आवळतो आणि कागदहि बदलतो. पुढचा मग चांगला आला, तरी तो कशानें चांगला आला हें त्याला कळत नाहीं. आणि वाईट आला, तर तो यंत्राला किंवा दैवाला दोष देतो. आमच्या भागापासून बीदर फार दूर नाहीं. तेथील बिदरी कामाचे कारागीर भांडें काळें करण्यासाठीं किल्ल्यांतली माती वापरतात, आणि ती योग्य आहे कीं नाहीं हें जिभेवर घेऊन पाहतात. आधीं एकेका वस्तूची पारख आणि नंतर काम, हा त्यांचा क्रम. आपली जीभ येथें चालत नाहीं. आपली जीभ म्हणजे वही. प्रत्येक मगाच्या नांवें एक ओळ लिहावी: तारीख, अंश, सेकंद, कागद, हवा कोरडी कीं दमट, आणि परिणाम. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. रंगांची परीक्षा तर मग न बिघडवितांहि करतां येते. पांढऱ्या पॉलिएस्टरच्या चिंधीवर हीच शाई उमटते. सुती चिंधी मात्र चालत नाहीं.

त्या वृद्ध गृहस्थांचें छायाचित्र मीं स्कॅन करून ठेवलें होतें. त्याच आठवड्यांत मीं पांच मग त्यासाठीं काढून ठेवले. पहिल्याला फक्त एवढेंच केलें, कीं आंकडा १८० वर परत येईपर्यंत थांबलें आणि तेथून १८० सेकंद मोजले. केस काळे आले. दुसऱ्याला टेप चोहोंकडून लावली आणि कागद एका झटक्यांत उचलला. हनुवटीखालची छाया गेली. तिसऱ्याला भांडें स्पिरिटनें पुसलें, तेव्हां गालावरचा निळा ठिपका गेला. उरलेले दोन मग लागलेच नाहींत. १८० अंश आणि १८० सेकंद हें प्रमाण माझ्या यंत्राचें आहे. दुसऱ्याच्या यंत्राचें निराळें असूं शकेल. वही मात्र सर्वांना एकच.

ते गृहस्थ आठवडी बाजाराला पुन्हां आले, तेव्हां मीं त्यांना हांक मारली आणि नवा मग पुढें केला. त्यांनीं तो उपरण्याच्या टोकानें पुसला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मीं म्हटलें, “बाबा, पहिला कप माझ्या हातून बिघडला होता. तो परत द्या, हा घेऊन जा.” त्यांनीं नवा मग पिशवींत ठेवला. ते म्हणाले, “हा चांगला झालाय ताई. पण तो राहू द्या घरी. तोबी तिचाच आहे.”

तेव्हांपासून दुकानांतून निघणारा प्रत्येक मग मी पुन्हां एकदां उजेडाकडे धरून पाहतें. आपल्याला तो एक नग वाटतो. घेणाऱ्याच्या घरीं तो माणसाच्या जागीं बसतो, आणि एकदां तेथें बसल्यावर बिघडला म्हणून परत मागतां येत नाहीं. दोष पाहावयाचा तो आपल्याच टेबलावर पाहावा.

आणि श्रोतेहो, आपल्या घरीं असा एखादा मग असेल, तर तारेची घासणी किंवा राख त्याला लावूं नका. रंग लेपांत राहतो. लेप खरवडला कीं चित्रहि जातें. मऊ फडक्यानें आणि थोड्या साबणानें धुतलें, तर तें पुष्कळ वर्षें आपणांस सोबत करील.